तिसऱ्या खुर्चीखाली

नागपूरचं विमान पावणेअकराला उतरलं उजळाईवाडीत.
बेंगळुरूचं सहाला.
मधे सव्वासात तास,
फोनमध्ये चार टक्के,
आणि उचगाव इथून रिक्षानं पंधरा मिनिटं.

मी आधी पाणी शोधलं.

कूलर स्वच्छतागृहाच्या वळणावर.
'गार' लिहिलेल्या नळातून कोमट,
'कोमट' लिहिलेल्यातून काहीच नाही.
पेला नव्हता. ओंजळीनं प्यायले,
साठीतली बाई, मोत्याच्या कुड्या घातलेली,
कोपरापर्यंत ओघळ.

मग आडवं व्हायला जागा.
बाकांना मधे मधे लोखंडी हात.
कुणी झोपू नये म्हणून एवढा विचार
कुणीतरी टेबलाशी बसून केला असणार.
हिरकणी कक्षाच्या दाराशी घुटमळले.
आत कोच, पंखा, पडदा, सगळं,
बाळ असलेली बाई एकही नाही.
तरी गेले नाही.
त्या दारातून जायचं माझं वय
एकतीस वर्षांपूर्वीच संपलं.

फरशी पुसणारी थांबली.
छातीवर नाव, मालन सुतार.
"काय हुडकायलाय मगाधरनं?"
सॉकेट, म्हटलं.
"त्या खांबाचा बंद हाय. ह्योबी.
तिसऱ्या खुर्चीखालचा चालतोय, पर ढिला हाय,
कायतरी खुपसायला लागतंय."
मी गुडघ्यांवर बसले,
नागपूरच्या बोर्डिंग पासच्या चार घड्या केल्या
आणि पिनेखाली सारल्या.
हिरवी रेघ उमटली.

"कुणाकडं आलायसा?"
कुणाकडे नाही. नुसतं विमान बदलायचंय.
"मग आमचं कोल्हापूर बगितलंच न्हाई म्हणा."
वीस वर्षं राहिलेय इथं, असं नाही सांगितलं.
तिच्याशी नागपुरीच बोलत होते, मुद्दाम,
"हो ना बाई" म्हणत,
आणि जिभेच्या मुळाशी "व्हय की"
आंबट ढेकरासारखं वर येत होतं.

आईच्या पुतळ्या सतरा.
नऊ थोरलीकडे, आठ माझ्याकडे.
सोळा असत्या तर आम्ही अजून बोलत असतो.
सोनार म्हणाला होता, एक वितळवू, अर्धं अर्धं.
दोघी एकदमच ओरडलो, नाही!
तेवढंच शेवटचं एकमत.

चौतीस टक्के.
चहा मागितला तर कागदी कपात
दोऱ्याला लटकवलेली पिशवी दिली.
बावन्न.
मोफत वाय-फायला ओटीपी लागतो,
ओटीपीला रेंज लागते,
रेंज म्हणे दाराशी.
फोन उपसून दाराशी गेले,
काच सरकली, आणि बाहेरचा रिक्षावाला:
"उचगाव, सरनोबतवाडी, स्टँड?"
उचगाव त्यानं पहिलं का घ्यावं!
ओटीपी न घेताच मागे फिरले.

माझी जागा तशीच होती.
मालननं खुर्चीपुढे 'ओली फरशी' ची पिवळी पाटी
उभी करून ठेवली होती,
फरशी कोरडी ठणठणीत.

शंभर झाले तेव्हा चार वाजायचे होते.
पूर्ण भरलेल्या फोनकडे
फार वेळ बघवत नाही.
नंबर मला पाठ आहे, तो बदलला असेल
असं मी गेली नऊ वर्षं समजून चाललेय.

तपासणीत माझा ट्रे मागे फिरला.
"मॅडम, ह्यात गोल गोल काय आहे?"
पुतळ्या. आठ. लेकीला द्यायच्यात.
त्यानं पडद्यावर बोट टेकवून मोजल्या.
"अर्धीच माळ?"
अर्ध्याहून कमी, म्हटलं.

आतल्या प्रतीक्षागृहात
प्रत्येक खुर्चीखाली सॉकेट,
सगळे घट्ट, सगळे चालू.
बिनहातांचे लांब कोच.
गार नळाला गार पाणी, शेजारी पेल्यांची चळत.
विमानाला अजून दीड तास.

मी फोन काढला
आणि पिन लावली.
शंभरच दाखवत राहिला.